जुन्या ट्रकचा फॅन बेल्ट ओरडतोय? नवा आणण्याआधी हे बघा

सकाळी सेल्फ मारला की बॉनेटखालून कर्णकर्कश ‘कीऽऽर्र’ येतं आणि अर्ध्या मिनिटात आपोआप थांबतं. घाट चढताना, रात्री दिवे लावल्यावर किंवा पहिल्या पावसात तोच आवाज पुन्हा. मालक म्हणतो बेल्ट गेला, क्लीनर साबण शोधायला लागतो आणि स्पेअर पार्ट्सवाला विचारायच्या आत नवा बेल्ट काउंटरवर ठेवतो. नवा टाकला की आवाज जातो हेही खरं, कारण नव्या रबराची पकड चांगली असते. पण मूळ दोष तिथेच राहिलेला असतो. महिन्याभरात गाडी परत ओरडायला लागते आणि मग ‘हल्ली बेल्टच डुप्लिकेट येतात’ असं म्हणून विषय संपतो.

डुप्लिकेट माल बाजारात आहेच. तरीही ओरडणाऱ्या बेल्टचं कारण बहुतेक वेळा बेल्टच्या बाहेर सापडतं: ताण कमी, पुली वाकडी, बेअरिंग कोरडं, नाहीतर कुठूनतरी ऑइल गळतंय. हे शोधायला स्कॅनर लागत नाही. पाण्याची फवारा बाटली, एक सरळ पट्टी, टॉर्च आणि तासभर सवड एवढं पुरे.

उदाहरणाला जुनी टाटा ४०७ घेऊ. १९८६ साली आलेली ही गाडी भाजीपाल्यापासून मंडपाच्या सामानापर्यंत सगळं ओढत आली आहे आणि तिच्या पुढच्या बाजूची रचना समजली की बाकीच्या जुन्या गाड्या समजायला जड जात नाहीत. तिच्या ४९७ इंजिनाच्या आकड्यातच माहिती आहे: ४ सिलिंडर आणि ९७ मिलीमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. मोठ्या ट्रकांतलं ६९७ म्हणजे तेवढ्याच बोअरचे सहा सिलिंडर. इंजिनाच्या पुढे खाली क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली, वर वॉटर पंप आणि फॅनची पुली, बाजूला वीज तयार करून बॅटरी भरणारा अल्टरनेटर, आणि या सगळ्यांना फिरवणारा इंग्रजी व्हीच्या आकाराचा पट्टा, म्हणजेच आपला फॅन बेल्ट. अल्टरनेटर एका बोल्टवर झुलतो, दुसऱ्या टोकाला खाचेची पट्टी असते. त्या खाचेत बोल्ट सरकवून पट्ट्याचा ताण कमीजास्त करायचा.

हा पट्टा पुलीला कुठे धरतो, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण अर्धं निदान त्यातच आहे. तो पुलीच्या तळावर बसत नाही. त्याच्या दोन्ही तिरक्या बाजू खाचेच्या भिंतींमध्ये दाबल्या जातात, कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरीसारख्या. पुलीच्या खाचेचा कोन साधारण ३४ ते ३८ अंश असतो आणि या कोनामुळे तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट पकड मिळते. पट्टा झिजून अरुंद झाला, किंवा पुलीच्या भिंती वर्षानुवर्षांच्या धुळीने घासून रुंद झाल्या, की पट्टा खाली सरकतो आणि तळाला टेकतो. टेकला की भिंतींवरचा दाब गेला आणि ती तिप्पट पकडही गेली. मग कितीही टाइट करा, तो सरकणारच.

म्हणून पहिली नजर इथे टाका. इंजिन बंद, चावी खिशात. चांगल्या स्थितीत पट्ट्याची वरची पाठ पुलीच्या कडेच्या बरोबरीत किंवा किंचित वर दिसते. ती कडेच्या बरीच आत गेली असेल तर संशय घ्या. पट्टा उतरवल्यावर खाचेचा तळ बघा. तळ चकचकीत असेल तर पट्टा तिथे घासत होता. तळ काळा-मळकट आणि भिंती गुळगुळीत असतील तर ठीक. भिंतींना पायरी पडली असेल, नखाला खड्डा लागत असेल, तर पुलीच बदलायची. दोन-तीनशे किलोमीटरला नवा बेल्ट खाणाऱ्या गाडीत हे हमखास सापडतं आणि हमखास बघायचं राहतं, कारण पुली हा लोखंडाचा तुकडा, तो कशाला खराब होईल, असं सगळ्यांना वाटतं.

आता आवाज सकाळीच का येतो ते बघू. पट्टा पकडतो, सुटतो, परत पकडतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की तो थरथरून ओरडतो. सरकायची सुरुवात बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या पुलीवर होते. ती सगळ्यांत लहान असते, पट्टा तिला कमी वेढा घालतो, आणि तिला फिरवायला जोर मात्र बराच लागतो. हिशोब करा: १४ व्होल्टला ५० अँपिअर म्हणजे ७०० वॅट. अशा अल्टरनेटरमध्ये आत गेलेल्या शक्तीपैकी साधारण ५५ ते ६० टक्केच वीज होऊन बाहेर येते, म्हणजे पट्ट्याला बाराशे वॅटच्या आसपास, दीड हॉर्सपॉवरच्या वर, ओढावं लागतं. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाला सेल्फ मारताना बॅटरीतून बरंच काही गेलेलं असतं. गाडी सुरू झाल्याबरोबर अल्टरनेटर ते भरून काढायला जोर लावतो, रबर थंड आणि कडक असतं, वर दव पडलेलं असतं. बॅटरी थोडी सावरली, पट्टा गरम झाला की आवाज थांबतो.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. सकाळचा आवाज रोज लांबत चालला असेल तर पट्ट्याइतकाच संशय बॅटरीवर घ्यायला हवा. एखादा सेल बसलेली बॅटरी पूर्ण भरतच नाही, अल्टरनेटर सतत ताणाखाली राहतो आणि बिचारा बेल्ट बदनाम होतो. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.४ यायला हवं. २४ व्होल्टच्या ट्रकला साधारण याच्या दुप्पट. केबिनवर दिव्यांच्या माळा, चार हॉर्न आणि मोठा स्टिरिओ लावला असेल तर तोही बोजा याच पट्ट्यावर असतो हे लक्षात असू द्या.

आवाज कसा आहे, हे कान देऊन ऐका. लांबलचक ‘कीऽऽर्र’ आणि तुटक ‘चिक-चिक-चिक’ हे दोन वेगळे आजार आहेत. लांब आवाज बोजा वाढला की येतो: सेल्फनंतर, दिवे लावल्यावर, रेस दिल्यावर, पॉवर स्टीअरिंग असेल तर स्टीअरिंग टोकाला नेल्यावर. हा सरकण्याचा आवाज. तुटक आवाज आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, स्पष्ट ऐकू येतो, रेस दिली की त्याचा ठेका जलद होतो किंवा आवाज विरून जातो. हा बहुतेक वेळा पुल्या एका रेषेत नसल्याचा. पट्टा तिरका खाचेत शिरतो आणि शिरताना भिंतीला घासून चिकचिकतो. ठेका अगदी नियमित आणि संथ, आयडलला सेकंदाला पाच-सहा वेळा असेल, तर पट्ट्यावरच एका जागी काहीतरी झालंय: तुकडा उडालाय, चीर पडलीय किंवा ग्रीसचा गोळा चिकटलाय. पट्ट्याच्या पाठीवर खडूची खूण करून हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, सापडेल. तिसरा प्रकार म्हणजे घरघर किंवा बारीक शीळ. ती बेअरिंगची.

डिझेल इंजिनात तुटक आवाजाचं आणखी एक कारण असतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. ७०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला २३ धक्के. क्रँक एकसारखी फिरत नाही, ती धक्क्याधक्क्याने पुढे जाते आणि अल्टरनेटरचा जड रोटर (आतला फिरणारा भाग) मात्र एकाच वेगाने फिरू पाहतो. दोघांमध्ये ओढाताण होते ती पट्ट्यावर. एखादा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) नीट चालत नसेल, इंजिन आयडलला थरथरत असेल, तर चांगला पट्टाही चिकचिकतो. अशा वेळी इंजेक्टरचं नोझल तपासल्याशिवाय बेल्टच्या मागे लागू नका.

मग पाण्याची परीक्षा. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला, चाकांना दगड. शर्टाच्या बाह्या वर, गळ्यातला रुमाल, हातातला कडा-दोरा सगळं काढून ठेवा. फिरणारा फॅन दिसत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. इंजिन आयडलला ठेवून बाजूने, फॅनपासून लांब उभं राहून, साध्या पाण्याचा बारीक फवारा पट्ट्याच्या पुलीला लागणाऱ्या बाजूवर मारा. अल्टरनेटरच्या आत पाणी घालायचं नाही. आता ऐका. आवाज लगेच थांबला आणि पाणी सुकल्यावर परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज उलट वाढला तर पट्टा सरकतोय, ताण बघा. काहीच फरक पडला नाही तर पट्ट्याला सोडून द्या आणि बेअरिंगकडे वळा. एवढ्या स्वस्तात एवढं सांगणारी दुसरी परीक्षा मला माहीत नाही. पाण्याऐवजी डब्ल्यूडी-४० किंवा डिझेल मारू नका. तेलकट पदार्थाने कुठलाही आवाज घटकाभर थांबतो, त्यामुळे काही कळत नाही, आणि रबर फुगून पट्टा कायमचा वाया जातो.

साबण, राळ, मेण आणि डब्यात मिळणारं ‘बेल्ट ड्रेसिंग’ यांचंही तेच. चिकटपणाने दोन दिवस शांतता मिळते. मग त्याच चिकट थरावर धूळ बसते आणि ती पुलीच्या भिंती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. खाणीवर, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीच्या हंगामात शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तर हे अजिबात लावू नये. पट्टा मळला असेल तर उतरवून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, पुल्या वायर ब्रशने साफ करा.

ताण. पुल्यांमधला सगळ्यांत लांब मोकळा भाग निवडा आणि मधोमध अंगठ्याने चांगला दाबा. बहुतेक जुन्या गाड्यांत साधारण १० ते १५ मिलीमीटर दबायला हवा. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा. दुसरी खूण: इंजिन बंद असताना अल्टरनेटरची पुली हाताने फिरवून बघा. पट्टा जागेवर राहून पुली सहज घसरत असेल तर ताण कमी आहे. आणि ‘अजून थोडा टाइट कर’ हा मोह आवरा. टॉमी (लोखंडी दांडा) लावून तारेसारखा ताणलेला पट्टा ओरडत नाही, पण वॉटर पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. बेल्ट वाचवण्यासाठी वॉटर पंप घालवायचा हा सौदा परवडणारा नाही. टॉमी लावायचीच तर अल्टरनेटरच्या पुढच्या जाड कानाजवळ लावा, मागच्या ॲल्युमिनियमच्या झाकणाला लावली की ते तडकतं.

जुन्या ट्रकमध्ये मला सगळ्यांत जास्त वेळ घालवावासा वाटतो तो पुल्यांच्या रेषेवर. नवीन गाडीत पुल्या कारखान्यात जुळवलेल्या असतात. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत अल्टरनेटर चारदा उतरलेला असतो, एकदा वाइंडिंग झालेलं असतं, पुली दुसऱ्याच अल्टरनेटरची बसवलेली असते, आणि ब्रॅकेटवरचे मूळ वायसर कुठल्यातरी गॅरेजच्या मातीत पडलेले असतात. एक वायसर कमी म्हणजे पुली दोन मिलीमीटर आत. दर फुटाला दीड मिलीमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही असा कामापुरता नियम आहे, म्हणजे तो एक वायसर आवाज करायला पुरतो.

तपासायची रीत सोपी आहे. क्रँकच्या पुलीच्या सपाट तोंडावर सरळ पट्टी टेकवा आणि ती अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत न्या. पट्टी बसायला जागा नसेल तर ताणलेली दोरी चालते. पट्टी दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना एकाच वेळी टेकली पाहिजे. पुल्यांच्या कडांची जाडी वेगवेगळी असेल तर कडांवर भरवसा ठेवू नका, खाचेच्या मध्यापासून मोजा. पट्टी समांतर राहून फट पडत असेल तर पुली आत-बाहेर आहे, वायसरने भागेल. एका कडेला टेकते, दुसरीला नाही, तर पुली तिरकी आहे. तेव्हा मामला ब्रॅकेटचा असतो.

इथे मोठी मेख आहे. हे माप पट्टा ढिला असताना घेऊ नका. अल्टरनेटर ज्या खालच्या बोल्टवर झुलतो, त्याचं भोक जुन्या गाडीत घासून अंडाकृती झालेलं असतं, बोल्टभोवतीचं बुश झिजून गेलेलं असतं. ढिल्या पट्ट्यावर सगळं रेषेत दिसतं. पट्टा ताणला की अल्टरनेटर त्या मोठ्या भोकात कलतो आणि पुली तिरकी होते. आता गंमत बघा: जितका टाइट करावा तितका तो जास्त कलतो, आणि आवाज वाढतो. मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, टाइट करून पण ओरडतोय, बेल्टच खराब आहे.’ अल्टरनेटरचं मागचं टोक हाताने धरून हलवा. खटखट खेळ लागला तर नवं बुश, नवा बोल्ट, किंवा ब्रॅकेट वेल्डिंगवाल्याकडे नेऊन भोक भरून परत पाडून घेणं हाच इलाज. खर्च फार नाही. मोठ्या इंजिनांत क्रँकच्या पुलीत धक्के शोषणारा रबराचा डँपर असतो. त्याचं रबर म्हातारं झालं की बाहेरची कडी हळूहळू पुढे-मागे सरकते, तीही बघा.

पट्टा उतरवलेलाच आहे तर बेअरिंगंही तपासून टाका. प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली, मध्येच अडकली तर बेअरिंग गेलं. उलट टिचकी मारल्यावर एखादी मोकळी पुली भिंगरीसारखी फिरतच राहिली तर तेही चांगलं लक्षण नाही, आतलं ग्रीस सुकलंय. फॅनची दोन पाती धरून पुढे-मागे हलवा. हलला तर वॉटर पंपाचा शाफ्ट ढिला आहे. पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं, तिथे कूलंटचा पांढरट किंवा हिरवट ओघळ दिसला तर आतलं सील फुटलंय. तेच पाणी पट्ट्यावर उडत असेल तर आवाजाचं कारणही मिळालं. असंच टायमिंग कव्हरच्या किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून येणारं ऑइल. गळती न थांबवता नवा पट्टा टाकणं म्हणजे पैसे गटारात.

तरीही खात्री नसेल तर पट्टा काढूनच इंजिन सुरू करा, फक्त अर्धा-एक मिनिट. वॉटर पंप बंद असतो, म्हणून जास्त नको. आवाज गेला तर दोष पट्ट्याच्या फेऱ्यात आहे. आवाज तसाच राहिला तर तो दुसरीकडचा आहे. क्लच दाबल्यावर बदलणारा आवाज रिलीज बेअरिंगचा असू शकतो, आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं की तेही चिकचिकतं. त्यापायी बेल्ट बदललेली गाडी पाहिली की हसावं का रडावं कळत नाही.

सलग रुंद पट्ट्याच्या गाड्यांबद्दल थोडं. कमिन्सचं बी-सीरिज इंजिन असलेल्या ट्रकांत आणि पुढच्या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत आतून उभ्या धारी असलेला एकच लांब पट्टा आणि त्याला आपोआप ताण देणारा स्प्रिंगचा टेन्शनर असतो. त्यावर ६ पीके असं लिहिलं असेल तर सहा धारी, आणि नंतरचा आकडा मिलीमीटरमधली लांबी. इथे ताण हाताने द्यायचा नसतो. पण टेन्शनरचा हात इंजिन चालू असताना जोरजोरात नाचत असेल तर त्याचा डँपर संपला. जुने निओप्रीन रबराचे पट्टे म्हातारे झाले की भेगाळायचे, त्यामुळे डोळ्यांनी कळायचं. आताचे बहुतेक ईपीडीएम रबराचे पट्टे भेगा न पडता झिजतात. भेग नाही म्हणून पट्टा चांगला, असं समजू नका. धारींच्या मधल्या खाचा खोल आणि गोल झाल्या असतील तर तो संपलाय.

हे सगळं निव्वळ आवाजासाठी नाही. जुन्या डिझेल पिकअप आणि हलक्या ट्रकांपैकी बऱ्याच गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असतो. म्हणजे पट्टा सरकला की चार्जिंग कमी, पाण्याचा फेरा मंद, गाडी तापते, आणि ब्रेकचं पेडलही जड होतं. पट्टा तुटला तर चार्जिंगचा लाल दिवा लागतो, तापमानाचा काटा चढायला लागतो, आणि कसारा घाट उतरताना हे झालं तर पेडल दगडासारखं वाटायला लागतं. व्हॅक्यूम टाकीत उरलेल्या एक-दोन दाबांत गाडी खालच्या गिअरमध्ये कडेला घ्यायची, तिसऱ्याची वाट बघायची नाही.

बदलायचाच ठरला तर जुन्यावरचा नंबर वाचून घ्या. एव्हीएक्स १३ आणि पुढे १०२५ असं असेल तर वरची रुंदी १३ मिलीमीटर आणि लांबी १०२५. ‘जवळपास बसतो’ म्हणून दिलेला लांबीने वेगळा पट्टा अल्टरनेटरला खाचेच्या अगदी टोकाला नेतो, मग पुढे ताण द्यायला जागाच उरत नाही. दोन पट्टे शेजारी असतील तर जोडीनेच बदला, नाहीतर नवा आखूड पट्टा सगळा बोजा ओढतो आणि जुना नुसता फिरतो. बसवताना अल्टरनेटर पूर्ण आत ढकला आणि पट्टा हाताने चढवा. स्क्रू ड्रायव्हर घालून पुलीच्या कडेवरून चढवला की आतले धागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, महिन्याभरात पट्टा पलटी खातो.

नवा पट्टा पहिल्या फेरीत खाचेत बसतो आणि थोडा ढिला होतो. म्हणून पहिल्या ट्रिपनंतर, इंजिन थंड झाल्यावर, अंगठ्याने परत दाबून बघा आणि लागेल तेवढा ताण द्या. जुना पट्टा तुटलेला नसेल, तेलकटही झालेला नसेल, तर नंबर दिसेल असा गुंडाळून सीटखाली टाका, आणि त्याच्यासोबत अल्टरनेटरच्या दोन्ही बोल्टांना लागणारे पाने.